ती कोळंबी नव्हती

रशीद,

तुला जाऊन आज एकतीस दिवस झाले. मोजायची काही गरज नव्हती, तरी मोजले. तू असतास तर म्हणाला असतास, "पाटाला पाणी न्हाई, तर पाटकरी दिवस मोजतोय."

तुझ्याबद्दल इथल्या माणसांनी पुष्कळ सांगितलं. तू कुणाच्या विहिरीतली मोटार कुठल्या अडचणीत काढून दिलीस, कुणाचा बैल विहिरीत पडला तेव्हा दोर घेऊन पहिला कोण उतरला, हे मी तुझ्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानासमोर उभा राहून ऐकलं. सगळं खरं आहे आणि मी ते इथे लिहीत नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी सात वर्षं सांगितली नाही. आधी ती सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

आपण सातव्यांदा देवगडकडे गेलो होतो, त्या वर्षी होडीवाल्या बाबलच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मी तुला कोळंबीचं कालवण म्हणून जे वाढलं, त्यात शेवंड, म्हणजे लॉबस्टर, होती. चुकून पडली नव्हती. मी घातली होती.

आता पहिल्यापासून सांगतो.

घोडेगाव म्हटलं की लोकांना जनावरांचा बाजार आठवतो. समुद्राचा आणि आपल्या गावाचा काही संबंध नाही. तुझ्या जीपला चार नवे टायर टाकले होते आणि ते कुठेतरी लांब फिरवून बघायचे होते, म्हणून आपण पहिल्यांदा कोकणात गेलो. माझं वय तेव्हा चाळीस होतं आणि मी समुद्र पाहिलेला नव्हता. पोहायलाही वर्षभरापूर्वीच शिकलो होतो. कालवा निरीक्षकाला पोहता येत नाही, ही गोष्ट तू अख्ख्या तालुक्यात सांगत फिरत होतास. शेवटी तूच माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला माळावरच्या विहिरीत ढकललंस. एकोणचाळीस वर्षांचा माणूस पाठीला डबा बांधून विहिरीत हातपाय मारतोय, हे बघायला कठड्यावर बायाबापड्या जमल्या होत्या. पंधरा दिवसांनी तू डबा सोडलास. सोडल्याचं मला सांगितलं नाहीस. मी दुसऱ्या काठाला पोहोचलो, तेव्हा डबा तुझ्या हातात होता.

त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आज मानतो.

कोकणात बाबलने आपल्याला त्याच्या होडीतून खडकांपाशी नेलं. पाण्यातला चष्मा आणि तोंडात धरायची नळी देऊन तो म्हणाला, "वरसूनच बघा, खाली जाव नको." तू पाण्यात तोंड घालून पाहिलंस आणि मला विचारलंस, "किती असंल रे?" मी म्हणालो, "नऊ-दहा फूट." तू म्हणालास, "म्हंजे दीड परस. माझ्या विहिरी आठ परसाच्या असत्यात." आणि नळी टाकून तू खाली गेलास.

मी घड्याळ लावलं. सवयच आहे. एकशे आठ सेकंदांनी तू वर आलास. हातात दोन लांब, काटेरी, लाल-तपकिरी काड्या होत्या आणि तळव्यातून रक्त येत होतं.

"काय हाय हे? मिशा हातात आल्या, जनावर आत गेलं."

बाबल होडीतच बसून हसला. "शेवंड ती. मिशी धरलंस तर तुटतली. काटे आसत तिका, हात घालू नको."

"नांग्या कुठं हायत हिच्या?"

"हिका नांगे नसतत रे."

आपल्याकडे ओढ्यातला खेकडा धरायचा म्हणजे नांग्यांपासून बोट वाचवायचं आणि पाठीवरून दाबायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. नांग्या नसलेल्या जनावरापुढे तू अडलास. अडलास म्हणजे तुला आता ते धरायचंच होतं.

दुसऱ्या वर्षी तू वेल्डिंगचे चामडी हातमोजे आणि पडद्याचा एक ॲल्युमिनियमचा रॉड घेऊन आलास. रॉडचं टोक पकडीने वाकवलं होतं. शेवंड कपारीत तोंड बाहेर करून बसते, मिशा हलवते. समोरून हात घातला की ती शेपूट झटकून मागे पळते, आणि एकदा पळाली की सापडत नाही. तू रॉड कपारीच्या बाजूने आत सरकवायचास आणि तिच्या शेपटीला हळूच टोचायचास. मागे काहीतरी आहे असं वाटून ती दोन पावलं पुढे यायची. तेवढाच वेळ. तू वरून तळवा ठेवून तिला खडकाशी दाबायचास आणि मिशांच्या बुडाशी धरून उचलायचास. पाण्यात घाई करायची नाही, हे तू विहिरीत शिकला होतास. जमिनीवर तू प्रत्येक बाबतीत घाई केलीस.

वर आल्यावर आधी ती उलटी करायचास. शेपटीखाली नारिंगी अंडी दिसली की म्हणायचास, "भरलेली हाय. जा बाई, घरी जा." अंगठ्याने पुसल्यासारखं करून पाण्यात ठेवायचास, फेकायचा नाहीस. नसली भरलेली, तर ती माझ्याकडे यायची. मी पोलादी पट्टीने डोळ्यांच्या मधून पाठीच्या शेवटापर्यंत मोजायचो. आठ सेंटिमीटरच्या खाली असली की परत. हा नियम मी केला होता. एकदा सात पूर्णांक आठ भरली.

"दोन मिलिमीटरसाठी मी खाली गेलो होतो का?"

"नियम नियम आहे."

"तुझ्यामुळं कुणाच्या शेताला कधी जास्तीचं पाणी गेलं न्हाई, पाटकरी, ते उगाच न्हाई." आणि ती तूच सोडून दिलीस.

कालवा निरीक्षकाला पाटकरी म्हणणं म्हणजे तलाठ्याला कोतवाल म्हणण्यासारखं आहे. पाचवीपासूनचा मित्र म्हणून मी ते चालवून घेतलं. आता मला पाटकरी म्हणणारं कुणी उरलं नाही. ऑफिसात सगळे साहेब म्हणतात.

साफ करायला बाबलने शिकवलं. बर्फाच्या बादलीत वीस मिनिटं ठेवायची, हालचाल पूर्ण थांबते. मग एका हाताने धड आणि दुसऱ्या हाताने शेपूट धरून पिळायचं, शेपूट वेगळी होते. आतली काळी दोरी काढायला सुरी लागत नाही. तिच्याच मिशीचा तुकडा मोडून शेपटीच्या टोकाकडच्या भोकातून आत सरकवायचा, फिरवायचा आणि ओढायचा. मिशीच्या काट्यांना अडकून दोरी अख्खी बाहेर येते. तुला हे इतकं आवडलं की तू एकापाठोपाठ सगळ्या शेपट्या साफ केल्यास. "पायपातून वायर वढल्यासारखं हाय की," म्हणालास.

शिजवण्यात मात्र आपण दोघांनी मिळून माती खाल्ली. पहिल्या वर्षी बाबलनेच दोन शेवंडी दिल्या होत्या. तू घरून काळा मसाला आणला होतास. आपण त्या मटणासारख्या पातेल्यात टाकल्या, झाकण ठेवलं आणि मंद आचेवर चाळीस मिनिटं शिजवल्या. मी वेळ नोंदवला होता म्हणून सांगतो, चाळीस. बाबलची आई खळ्यात येऊन झाकण उघडून बघून गेली. "मटाण शिजवतास काय रे?" असं विचारून ती आत जाऊन सुनेला घेऊन आली, दोघी मिळून बघायला. मी एक तुकडा चावला. जीपच्या जुन्या टायरचा तुकडा असता तरी तेवढाच वेळ लागला असता. तू जेवला नाहीस. "पोट बरं न्हाई," म्हणालास आणि तळलेला बांगडा खाल्लास.

पुढच्या वर्षी आपण शिकलो. शेपूट उभी कापायची, मीठ, हळद, ठेचलेला लसूण आणि कोकमाचं आगळ लावायचं. कवचाची बाजू निखाऱ्यावर चार मिनिटं, मग उलटून दोन. मांस काचेसारखं असतं ते पांढरं होतं, कवच लाल होतं, की उचलायचं. त्या वर्षी पहिला घास घेतला आणि मी लगेच दुसरा तोडला. तू समोर बसून विचारलंस, "कशी हाय?" मी म्हणालो, "खाऊन बघ." तू म्हणालास, "पोट बरं न्हाई."

तिसऱ्या वर्षीही पोट बरं नव्हतं, तेव्हा मी सरळ विचारलं. तूही सरळ सांगितलंस. "आमच्यात पाण्यातला मासा चालतो. दुसरं जनावर चालत न्हाई. ही मासा न्हाई."

"पण तो बाबलचा शेजारी तुमच्यातलाच आहे. तो खातो."

"ते शाफई पंथाचे हायत, आमी हनफी. त्यांच्यात चालतं. त्यांचंबी बरोबर, आमचंबी बरोबर."

"दोघांचं कसं बरोबर?"

"तुझ्या कालव्यातनं फुटणाऱ्या दोन चाऱ्यांना एकाच दिवशी पाणी सुटतं का? पाणी तेच असतंय. पाळी ज्याची त्याची."

मी दुसरीकडून गेलो. "मग कोळंबी कशी खातोस? ती तरी कुठं मासा आहे?"

"कोळंबीला आमच्यात झिंगा मच्छी म्हणत्यात. मच्छी हाय. मौलानांनी चालती म्हणून सांगितलं."

मी एक कोळंबी आणि एक शेवंड शेजारी ठेवून तुला पाय मोजून दाखवले. हिला दहा, तिलाही दहा. एक चालते तर दुसरी का नाही? तू पाय मोजलेस. खरंच मोजलेस, बोट लावून. म्हणालास, "बरोबर हाय तुझं, दहाच हायत." आणि हात धुऊन मासा खायला बसलास.

तिथे मला राग आला, हे आज कबूल करतो. माझं गणित मान्य करून तू ते बाजूला ठेवलंस. भांडला असतास तर बरं झालं असतं. पुढची चार वर्षं मी येताजाता तो वाद उकरून काढला. फोनवर, दुकानात, बाजाराच्या गर्दीत. तू दर वेळी हसलास. थकून थांबला नाहीस आणि बदललाही नाहीस. तू समुद्रात खाली जाऊन शेवंड धरत होतास, साफ करत होतास, मला भाजून देत होतास, मी पहिला घास घेताना माझ्या तोंडाकडे बघत होतास. हे सगळं कशासाठी करतोस, असं मी तुला कधी विचारलं नाही. माझ्यासाठी करत होतास, हे मला आता कळतं.

सातव्या वर्षी तू दुपारच्या नमाजाला मशिदीत गेला होतास. बाबलने तुझ्यासाठी अर्धा किलो कोळंबी दिली होती आणि सकाळी तू दोन शेवंडी धरल्या होत्या. स्वयंपाक त्या दिवशी माझ्याकडे होता. एक शेवंड मी भाजायला ठेवली. दुसरीच्या शेपटीचे कोळंबीएवढे तुकडे केले आणि तुझ्या कालवणात सोडले. मी ठरवलं होतं की तू जेवलास, हात धुतलास, की सांगायचं. मग तू चिडशील, मी हसेन, आणि वाद संपेल. याच्या पलीकडे मी विचार केला नव्हता. रोज शंभर आकडे तपासणारा माणूस मी, एक साधी गोष्ट मला दिसली नाही. मी ज्याला वाद म्हणत होतो, त्याला तू वाद म्हणत नव्हतास.

तू परत आलास, बसलास, भातावर कालवण घेतलंस.

"आज कोळंबी मोठी मिळाली?"

"हो."

"लई गोड हाय रे."

तू दोनदा वाढून घेतलंस. ताट बोटाने पुसलंस. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात तू हात धुता धुता म्हणालास, "एक सांगू का, पाटकरी? दुसऱ्या कुणाच्या घरी जेवायचं म्हणलं तर मी इचारतो, काय हाय, कसलं हाय. तुझ्या हातचं मी डोळे झाकून खातो. हिलाबी सांगून ठेवलंय मी, तिथं इचारायचं न्हाई."

ही म्हणजे भाभी.

मी उठलो. माझी शेवंड निखाऱ्यावर होती, तिकडे गेलो. ती करपली होती.

पुढच्या वर्षी बाबलच्या घरात पाय ठेवताच तू विचारलंस, "मागच्या खेपेसारखी कोळंबी हाय का? ती मोठी, गोड?" बाबल माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. त्याने काय ओळखलं ते त्यालाच ठाऊक. तो म्हणाला, "तसली आता गावना नाय." त्यानंतर दर वर्षी तू विचारत राहिलास आणि तो तेच सांगत राहिला. एकदा तू घोडेगावहून फोन करून त्याला विचारलंस. म्हणालास, घरी पाहुणे येणार आहेत, बर्फात घालून गाडीने पाठव, ती मोठी कोळंबी असंल तर. मी शेजारीच उभा होतो.

आणि शब-ए-बरात. रमजानच्या पंधरा दिवस आधीची ती संध्याकाळ दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. मला तारीख शोधावी लागायची नाही, कारण तू यायचास. त्या दिवशी तुमच्यात एकमेकांची माफी मागतात. तू तुमच्या घरांमधून फिरून आलास की शेवटी माझ्या दारात उभा राहायचास. आत यायचा नाहीस, चपला काढायचा नाहीस.

"कहासुना माफ कर, पाटकरी. वर्षभरात काही बोललो-चाललो असंल तर."

"माफ. चहा घेणार?"

"न्हाई. तुझं काही?"

"माझं काही नाही."

तू एखादा क्षण थांबायचास आणि जायचास. तो क्षण तू मला द्यायचास, हे मला तेव्हाही कळत होतं. सात वेळा तू विचारलंस. त्यातल्या एका वर्षी सगळं बंद होतं म्हणून फोनवर विचारलंस. सातही वेळा मी सांगितलं, माझं काही नाही. दर वर्षी ते सांगणं सोपं होत जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. दर वर्षी त्यात आधीच्या वर्षाचं खोटं मिळत गेलं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर फक्त कालवणाचं सांगावं लागलं असतं. पुढे दारात बोललेल्या खोट्याचंही सांगावं लागलं असतं.

या वर्षी फेब्रुवारीत आपण शेवटचे गेलो. शेवटचे, हे तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी तू एकशे आठ सेकंद खाली होतास. या वर्षी एकसष्ट. वर आल्यावर होडीची कड धरून तू बराच वेळ नुसता दम घेत राहिलास. मी आकडा सांगितला आणि म्हणालो, नगरला जाऊन छाती दाखवून ये. तू म्हणालास, "तुझं घड्याळ पुढं चाललंय." मी चिडून म्हणालो की चौदा वर्षांचे आकडे माझ्याकडे आहेत, घड्याळ नाही, तूच कमी होतो आहेस. हे शब्द मी वापरले. तू हसलास आणि रॉड घेऊन पुन्हा खाली गेलास. त्या खेपेला तुझ्या हातात काही नव्हतं. रिकाम्या हाताने तू वर आलास, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

तू गेलास, तेव्हा मी आवर्तनावर, कालव्याला पाणी सोडायच्या कामावर होतो. दुपारी साडेतीनला फोन आला. दुकानात मोटार उघडून बसला होतास आणि तिथेच कलंडलास. मी पोहोचलो तेव्हा तुला घरी आणलं होतं.

जनाज्याच्या नमाजाआधी तुझे थोरले भाऊ पुढे उभे राहिले. म्हणाले, रशीदनं कुणाला दुखावलं असंल, कुणाचा हक्क त्याच्याकडं राहिला असंल, तर माफ करा, न्हाईतर आमाला सांगा. सगळे म्हणाले, माफ. मी मागे उभा होतो, मीही म्हणालो. मग मी वाट बघितली. उलटं कुणीतरी विचारेल असं मला उगाच वाटलं. म्हणजे, रशीदचा हक्क कुणाकडे राहिला आहे का? ते कुणी विचारत नाही. ते जो तो स्वतः विचारतो, आणि त्याने जिवंतपणी विचारायचं असतं. तू सात वेळा विचारलं होतंस. मी तीन मुठी माती टाकली आणि घरी आलो.

त्यानंतर माझ्या हातून काम नीट होत नाही. कालव्यातली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा बघतो आणि वहीत लिहीपर्यंत विसरतो. बायकोने विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांच्या घरी जा."

परवा गेलो. भाभींची इद्दत चालू आहे. चार महिने दहा दिवस त्या बाहेरच्या पुरुषासमोर येत नाहीत. तुझ्या अम्मी बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ बसल्या आणि भाभी आतल्या खोलीत, मध्ये दाराला पडदा. तीस वर्षं ज्या बाईने मला चहा दिला, तिच्याशी मी पडद्याकडे बघून बोललो. कदाचित त्यामुळेच बोलता आलं.

मी म्हणालो, "भाभी, एक सांगायचं होतं. सात वर्षांपूर्वी कोकणात रशीदने शेवंड खाल्ली होती. त्याला माहीत नव्हतं."

मग त्या म्हणाल्या, "त्यांनी खाल्ली म्हनू नका. तुमी खाऊ घातली म्हना."

मी म्हणालो, "मी खाऊ घातली."

"का?"

मी दहा पायांचं सांगितलं. वादाचं सांगितलं. सांगताना ते इतकं लहान वाटलं की मध्येच थांबलो.

"ती मोठी कोळंबी," भाभी म्हणाल्या. "लई दिवस सांगायचे. मला म्हनायचे, तुला एकदा खाऊ घालनार." अम्मी माळ ओढत होत्या, त्यांचा हात थांबला होता.

"त्यांच्यावर काही न्हाई," भाभी म्हणाल्या. "ज्याला ठाऊक न्हाई त्याच्यावर गुन्हा न्हाई. ते साफ गेले. तुमचं तुमी बघा."

मी म्हणालो, "मला माफ करा."

"मी कशी करू? माझ्याकडं त्यांचा हक्क न्हाई. त्यो त्यांच्याबरोबर गेला. मी माफ म्हनलं तर ते खोटं हुईल, आन् तुमाला उगा हलकं वाटंल."

इतकं स्पष्ट मला कुणी कधी बोललं नाही. ते योग्य होतं. मी उठलो, अम्मींना हात जोडले. मी तुझ्याविषयी लिहिणार आहे आणि हेही लिहीन, चालेल का, असं विचारलं. भाभी म्हणाल्या, खरं लिहिनार असाल तर लिहा.

मी दारापर्यंत गेलो होतो, तेव्हा आतून पुन्हा आवाज आला.

"भाऊजी."

मी थांबलो.

"तुमी तवाच सांगितलं असतं तर काय झालं असतं, सांगू का? लई चिडले असते. भांडीकुंडी आपटली असती घरात. आठ दिस तुमच्याशी बोलले नसते. आठाच्या वर त्यांचा राग मी कधी बघितला न्हाई, माझ्यावरबी न्हाई. नवव्या दिवशी दुकान टाकून तुमच्याकडं आले असते."

त्या रडत होत्या. मी दारात उभा होतो आणि मला पुढे जाता येत नव्हतं.

रशीद, सात वर्षं मी ज्याला घाबरलो, ते एवढंच होतं. मला वाटत होतं की सांगितलं तर तू जाशील. तुझी मैत्री जाईल, तुझं ते डोळे झाकून खाणं जाईल. मी आठ दिवस वाचवले आणि तुला न सांगता जाऊ दिलं.

आता सांगितलं आहे. भाभी म्हणाल्या तसं, मी खाऊ घातली. तुला माहीत नव्हतं, तू साफ आहेस. मी नाही.

आता चिड. बोलू नकोस माझ्याशी. मी कुठे जात नाही.